अठ्ठावन्न दिवसांचा मक्ता

१८ ऑगस्ट २०२० रोजी पुण्यात तयार झालेला एक व्हिडिओ गेम जगात विक्रीला आला. लंडनमध्ये, न्यू यॉर्कमध्ये तो त्याच दिवशी घेता येत होता. पुण्यात मात्र तो रीतसर विकत घेण्याची सोय नव्हती. 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हे त्याचे नाव आणि 'नॉडिंग हेड्स गेम्स' ही तो करणारी छोटी संस्था. खेळ आधी निघाला तो निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या 'स्विच' यंत्रावर, आणि फक्त त्याच यंत्रावर. स्विच तेव्हा भारतात अधिकृतपणे विकले जात नव्हते. त्याचे ऑनलाइन दुकानही भारतीय ग्राहकाला खुले नव्हते. ज्यांच्याकडे बाहेरून आणलेले यंत्र होते ते परदेशी खाते काढून आपली सोय लावत. बाकीच्यांनी थांबायचे होते. १५ ऑक्टोबरला 'राजी' संगणकावर, प्लेस्टेशनवर आणि एक्सबॉक्सवर आला. मधले दिवस मोजले तर अठ्ठावन्न भरतात.

हा लेख त्या अठ्ठावन्न दिवसांविषयी आहे. भारतीय विषयावरचे खेळ आपल्याकडे चालत नाहीत, हे वाक्य या व्यवसायात आणि व्यवसायाबाहेरही इतक्या सहजपणे बोलले जाते की, ते तपासावे असे कोणाला वाटत नाही. मराठी वाचक राहिला नाही, मराठी प्रेक्षक घराबाहेर पडत नाही, ही त्याचीच भावंडे. अशा वाक्यांत विक्रीचा आकडा म्हणजे रसिकांनी दिलेला कौल असे गृहीत धरलेले असते. कौल लावायला देवळात जावे लागते, आणि देऊळ उघडे असावे लागते, एवढे तरी आपण मानायला हरकत नाही.

ज्यांनी असे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. तिचा भाऊ गोलू याला असुर पळवून नेतात आणि ती दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन त्याच्या शोधात निघते. राजस्थानी वाटावेत असे किल्ले, झरोके, कुंड. पहाडी लघुचित्रांतून उचललेले रंग. आणि कथेचे मधले दुवे छायाबाहुल्यांच्या रूपात. आपल्या पिंगुळीच्या ठाकरांकडे चामड्याच्या बाहुल्यांचा जो खेळ आहे त्याच्याशी या बाहुल्यांचा थेट संबंध नाही, पण ज्याने तो पाहिला आहे त्याला पडद्यामागचा उजेड ओळखीचा वाटेल. चढणे, उड्या मारणे, खांबाभोवती गिरकी घेऊन वार करणे ही यातली कसरत. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या बोटांना ती भाच्याच्या लॅपटॉपवर जेवढी जमली तेवढी जमली. लढाईत अडखळलेपणा आहे आणि शेवट तर पान फाटावे तसा येतो. पुढचा भाग निघेल या आशेवर कथा मध्येच सोडलेली आहे. तरीही संध्याकाळच्या उजेडातला तो किल्ला मी दोनदा मागे फिरून पाहिला. आपल्या देशात झालेल्या खेळांत असे मागे फिरून पाहावे असे फार नाही.

तो झाला कसा, हेही महत्त्वाचे आहे. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागण्याचा प्रयत्न झाला आणि ठरवलेली रक्कम उभी राहिली नाही. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड या तीन संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकला आणि काम चालू राहिले. पुढे एपिक गेम्स या अमेरिकी कंपनीचे अनुदान मिळाले, सुपर डॉट कॉम हे प्रकाशक मिळाले. बायकोचे दागिने मोडून मासिक चालवणाऱ्या संपादकांच्या गोष्टी ज्या भाषेत अभिमानाने सांगितल्या जातात तिच्यात या तपशिलाचे वेगळे स्पष्टीकरण नको. मुद्दा एवढाच की, घर विकून खेळ करणारा माणूस मक्त्याच्या कागदापुढे बसतो तेव्हा त्याच्या हातात फारशी पाने नसतात.

मक्ता हा शब्द मी जाणून वापरतो आहे. इंग्रजीत याला एक्सक्लुझिव्हिटी म्हणतात, आणि हा शब्द ऐकला की काही खास, निवडक असे मनात येते. व्यवहारात तो मक्ताच असतो: ठरलेल्या मुदतीपर्यंत हा माल आमच्याच पेठेत विकायचा. मराठी साहित्याला हा प्रकार नवा नाही. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली तेव्हापासून कथा-कादंबरी आधी दिवाळी अंकात आणि मग पुस्तकरूपाने, हा क्रम आपण पाहत आलो आहोत. तोही मुदतीचा मक्ताच. पण अंकाचा वाचक आणि पुढे पुस्तकाचा वाचक एकाच गावात राहतो, एकाच वाचनालयात जातो. अंकात गाजलेली कादंबरी पुस्तक होईपर्यंत तिची चर्चा त्याच लोकांत मुरत असते. स्विचच्या मक्त्यात तसे होण्याला वाव नव्हता.

आमच्या बागलाणातला दाखला अधिक जवळचा वाटेल. इथे पूर्वहंगामी द्राक्षे होतात. इतर भागांतला माल यायच्या आधी आमचा निघतो आणि त्यालाच भाव असतो. बाग तयार झाली की शेतकरी एका व्यापाऱ्याशी व्यवहार ठरवतो, आणि ठरल्यावर दुसऱ्याला घड देता येत नाही. भाव चांगला लागतो, कधी पैसे अडकतातही. पण कोणत्या आठवड्यात बाजार मोकळा आहे हे सटाण्याच्या शेतकऱ्याला नीट ठाऊक असते. लवकर माल काढण्याचा सगळा फायदा त्या आठवड्यात असतो. 'राजी'चा मोकळा आठवडा कोणता होता?

पंचांग समोर घेऊ. १८ ऑगस्टला निन्टेन्डोने छोट्या निर्मात्यांच्या खेळांसाठीच्या आपल्या प्रसारणात 'राजी' दाखवला आणि तो त्याच दिवसापासून विकत मिळू लागला. २२ ऑगस्टला गणपती बसले. टाळेबंदीमुळे पुण्यातले मांडव ओस, माणसे घरात आणि पोरांच्या हातात मोबाइल. ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये खेळणी आणि संगणकीय खेळ यांचा विषय काढला. भारतात खेळ बनवा आणि भारताचे खेळ बनवा, अशा अर्थाचे आवाहन तरुणांना केले. २ सप्टेंबरला केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत पबजी होता. आमच्या गावातल्या कट्ट्यांवरसुद्धा त्या रात्री दुसरा विषय नव्हता. ४ सप्टेंबरला अक्षय कुमारने 'फौ-जी' या देशी खेळाची घोषणा केली.

म्हणजे अवघ्या अठरा दिवसांत, भारतीय व्हिडिओ गेम हा विषय कधी नव्हे तो राष्ट्रीय चर्चेला आला. पुण्यात झालेला, भारतीय शिल्प आणि चित्रपरंपरेवर उभा राहिलेला, पूर्ण झालेला खेळ त्या वेळी अस्तित्वात होता. वृत्तपत्रांत त्याची नोंदही येत होती. ती वाचून ज्याला तो घ्यावासा वाटला त्याला घेता येत नव्हता. ज्या खेळाची जाहिरात झाली तो तेव्हा तयारच नव्हता. 'फौ-जी' बाजारात आला २६ जानेवारी २०२१ रोजी. पूर्वनोंदणी खुली झाल्यावर चोवीस तासांत दहा लाखांवर लोकांनी नावे दिली होती, आणि हाती आल्यावर बहुतेकांची निराशा झाली. एकाकडे दुकान होते आणि माल नव्हता. दुसऱ्याकडे माल होता आणि दुकान समुद्रापार. या दोन्हींची बेरीज करून भारतीय खेळ चालत नाहीत असा निष्कर्ष काढणे म्हणजे दोन वेगवेगळ्या दुकानांच्या वह्या एकत्र शिवणे आहे.

याच्याही पुढचा योग वाईट होता. १७ सप्टेंबर २०२० रोजी अमेरिकेतल्या सुपरजायंट गेम्सचा 'हेडीज' हा खेळ पूर्णावस्थेत बाहेर पडला, स्विचवर आणि संगणकावर एकाच दिवशी. तोही पुराणकथेचा, ग्रीक पुराणाचा. तोही वरून तिरपे पाहायचा आणि शस्त्राने लढायचा. किंमतही तीच, सुमारे २५ डॉलर. महिनाभरापूर्वी स्विचवर पौराणिक लढाईचा नवा खेळ म्हणून जी जागा 'राजी'ची होती तिथे आता वर्षातला सर्वांत गाजलेला खेळ येऊन बसला. १५ ऑक्टोबरला 'राजी' संगणकावर पोहोचला तेव्हा त्या दारातही 'हेडीज' आधीच हजर होता.

गंमत अशी की, 'हेडीज'लाही मक्ता होता. डिसेंबर २०१८ पासून वर्षभर तो एपिकच्या दुकानातच मिळत होता. पण तो मक्ता अपुऱ्या अवस्थेतल्या खेळाचा होता. खेळाडूंना कच्चा खर्डा विकायचा, त्यांच्या सूचना ऐकत तो पक्का करायचा. वर्षाने तो स्टीम या दुकानात गेला, तिथेही खर्डा म्हणूनच. पूर्ण झाल्याची बातमी आली तेव्हा संगणकाचे दोन्ही दरवाजे आणि स्विच, सगळे उघडे होते. त्या दिवसापर्यंत सात लाख प्रती खर्ड्याच्याच विकल्या गेल्या होत्या आणि लगेच दहा लाखांचा टप्पा ओलांडला. मुदतीचा मक्ता वाईट की चांगला, हा प्रश्न म्हणूनच मला अपुरा वाटतो. मक्त्याची मुदत बातमीच्या आधी संपते की बातमी मक्त्याच्या मुदतीत विरते, हे पाहायला हवे. निवडक ग्राहकांच्या खेळाला वर्तमानपत्रात, समीक्षेत, लोकांच्या तोंडी एकदाच जागा मिळते, प्रसिद्धीच्या दिवशी. अठ्ठावन्न दिवसांनी दुसऱ्या यंत्रावर येणे ही फार थोड्यांच्या लेखी बातमी असते. मोठ्या कंपनीचा खेळ दुसऱ्यांदा आला तर भिंती पुन्हा रंगवता येतात. फ्लॅट विकलेल्या माणसाकडे दुसऱ्या रंगाचे पैसे नसतात.

आता दुसरी बाजू. जून २०२० अखेर जगात सहा कोटींहून अधिक स्विच विकले गेले होते, आणि छोटे, वेगळे खेळ आवडीने घेणारा ग्राहक त्या यंत्राकडे जमलेला होता. निन्टेन्डोच्या प्रसारणातली दोन मिनिटे हजारो डॉलर खर्चूनही मिळाली नसती. उलट स्टीमवर वर्षाला हजारो खेळ येतात. २०२४ मध्ये तर हा आकडा अठरा हजारांच्या वर गेला. त्या गर्दीत पुण्याचा खेळ कोणाच्या डोळ्यांस पडणार होता? त्याच डिसेंबरात 'द गेम अवॉर्ड्स'च्या सर्वोत्तम पदार्पणाच्या पाच नामांकनांत 'राजी' होता. स्विचने दिलेल्या उजेडाचा त्यात वाटा नव्हता असे मी म्हणणार नाही.

शिवाय दुकानदारांच्या मापातही फेर आहे. स्टीम विक्रीतले तीस टक्के ठेवते. पण २०१८ च्या अखेरीस त्यांनी ठरवले की एका खेळाची विक्री एक कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या रकमेवर पंचवीस आणि पाच कोटींच्या वर गेली की वीस टक्केच घ्यायचे. म्हणजे ज्याचा माल गाडीभर त्याला आडत कमी आणि टोपलीभर आणणाऱ्याला पूर्ण. बाजार समितीच्या आवारात असा नियम उघड लावला असता तर लिलाव बंद पडले असते. एपिकने त्यानंतर काही दिवसांतच बारा टक्क्यांवर दुकान थाटले आणि मक्त्यासाठी आगाऊ पैसे मोजायला सुरुवात केली. असे करार सहसा बाहेर येत नाहीत. पण 'कंट्रोल' या खेळाचे प्रकाशक ज्यांच्या मालकीचे आहेत त्या इटलीतल्या डिजिटल ब्रॉस कंपनीच्या हिशेबात २०१९ साली एपिककडून आलेले सुमारे ९५ लाख युरो दिसले, तेव्हा आगाऊ रक्कम कोणत्या घरातली असते हे जगाला कळले. एवढे पैसे आधी हातात आले तर विक्रीची चिंता निम्मी संपते. आणि कधी कधी मक्त्याशिवाय कृतीच होत नाही. 'बायोनेटा २' ला निन्टेन्डोने पैसा दिला म्हणून तो २०१४ मध्ये झाला. ज्या वी यू यंत्रावर तो अडकला ते यंत्रच एकूण एक कोटी पस्तीस लाखांच्या आसपास खपले. आश्रयदात्याच्या दरबारातच गाणे म्हणायचे आणि दरबारच लहान, अशी ती गत.

तेव्हा पुण्याच्या मंडळींनी चूक केली, असे माझे म्हणणे नाही. पैशाच्या हिशेबात त्यांचा निर्णय योग्यही असेल. माझा आक्षेप वेगळ्या हिशेबाचा आहे आणि तो खुद्द कृतीपर्यंत जातो.

'राजी' खेळताना दुर्गा आणि विष्णू यांचे आवाज सोबत असतात. राजी काय करते आहे यावर ते आपसांत बोलतात, भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबले की त्यामागच्या पुराणकथा सांगतात. इंग्रजीत सांगतात. महिषासुर कोण, दुर्गा कशी निर्माण झाली, हे सगळे नीट, पायरीपायरीने. नवरात्रात नऊ दिवस सप्तशृंगीची वाट पायी तुडवणाऱ्या आमच्या भागातल्या मुलाला हे कोण कोणाला सांगते आहे असा प्रश्न पडेल. उत्तर सोपे आहे: ते त्याला सांगतच नाहीत. इंग्रजीत लिहिणाऱ्या काही भारतीय कादंबरीकारांची एक सवय असते, 'भाकरी' असा शब्द आला की स्वल्पविराम देऊन लगेच तिचा अर्थ सांगायची. तो स्वल्पविराम 'राजी'त सर्वत्र आहे. पहिला ग्राहक कोण हे ठरले की निवेदक कोणाकडे तोंड करून उभा राहील हेही ठरते. पुढे सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले, हे चांगले झाले. पण वाक्ये तीच राहिली, परक्याला समजावून सांगणारी. ती हिंदीत ऐकताना आपल्याच घरात कोणी आपल्याला घर दाखवते आहे असे वाटते.

याला उलट उदाहरण आहे आणि ते लपवणे बरे नाही. टोरांटोच्या विसाई गेम्सचा 'वेन्बा' ३१ जुलै २०२३ रोजी स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि संगणक या सगळ्यांवर एकाच दिवशी आला. कॅनडात स्थायिक झालेले तमिळ कुटुंब, आईची फाटकी पाककृतींची वही, आणि त्या वहीतल्या पुसलेल्या ओळी अंदाजाने भरून इडली-पुट्टू करायचे, एवढाच खेळ, दीड-दोन तासांचा. त्याचाही ग्राहक बव्हंशी परदेशी. पण 'वेन्बा' कोणालाही इडली समजावत बसत नाही. पाणी चुकले तर इडली बिघडते आणि खेळाडूला कळते. २०२४ मध्ये त्याला पदार्पणाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. म्हणजे परके दार असूनही कृतीने आपल्या भाषेकडे तोंड करून उभे राहणे शक्य असते. ते धैर्य कधी सगळी दारे एकदम उघडी असल्याने येते, कधी स्वभावानेच असते. 'राजी'कडे दोन्ही कमी पडले असे मला वाटते.

आपल्या सिनेमाने याच अठ्ठावन्न दिवसांत असाच अनुभव घेतला. सप्टेंबर २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' या मराठी चित्रपटाला पटकथेचा पुरस्कार मिळाला. मराठी माणसाला तो पाहता आला ३० एप्रिल २०२१ पासून, फक्त नेटफ्लिक्सवर. शास्त्रीय गायनाच्या दुनियेत आयुष्य काढलेले किती जण, ज्यांच्याविषयी तो चित्रपट होता, नेटफ्लिक्सचे वर्गणीदार होते? तो किती मराठी लोकांनी पाहिला यावरून मराठी अभिरुचीची परीक्षा घेणाऱ्यांना मी हाच प्रश्न विचारीन.

शेवटी एका जुन्या खेळाची आठवण द्यायला हवी, कारण तो 'राजी'च्या बरोबर उलटा आहे. २००९ मध्ये सोनीने 'हनुमान : बॉय वॉरियर' काढला, हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने केलेला, संपूर्ण भारतात तयार झालेला. तोही एकाच यंत्राच्या मक्त्याचा, प्लेस्टेशन टूचा. पण ते यंत्र तेव्हा भारतात रीतसर विकले जात होते आणि चकती इथल्या दुकानांत मिळत होती. दार घरचे होते. खेळ मात्र इतका कच्चा होता की, ज्यांनी घेतला त्यांच्याही लक्षात फारसा राहिला नाही. अकरा वर्षांनी चांगला खेळ झाला तेव्हा घरचे दार अठ्ठावन्न दिवस बंद होते. सोनीने २०२३ पासून 'इंडिया हीरो प्रोजेक्ट' नावाने इथल्या छोट्या निर्मात्यांना मदत द्यायला सुरुवात केली आहे. मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा 'मुक्ती' हा मानवी तस्करीवरचा खेळ त्यांपैकी एक. सोनीची यंत्रे भारतात मिळतात, एवढा फरक या खेपेला आहे.

'राजी' आज चार-पाच दारांतून मिळतो, सवलतीच्या दिवसांत बऱ्याच स्वस्तात. साध्या लॅपटॉपवर चालतो, मी पाहिला तो तसाच. वी यू यंत्राचे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद झाले. जे खेळ तिथून दुसरीकडे गेले नव्हते ते त्या दिवसापासून नव्याने विकत मिळत नाहीत. 'हनुमान'ची चकती जुन्या बाजारात सापडली तर सापडते. ती लावायला चालू स्थितीतला प्लेस्टेशन टू लागतो.